तुम्ही उभे कुठे होतात?

पाणीकपात जाहीर झाली की आमच्या सोसायटीत एक माणूस पेढे वाटतो.

थट्टा नाही. मी या सोसायटीची सेक्रेटरी आहे, थट्टा करायला मला वेळ नसतो. मागच्या उन्हाळ्यात सकाळी पेपरात बातमी आली, आता एक दिवसाआड पाणी. माझा चहा निवत होता, टँकरवाला फोन उचलत नव्हता आणि सोसायटीच्या ग्रुपवर सगळे माझा उद्धार करत होते. जशी काही धरणाची चावी मीच फ्रिजवर ठेवून विसरले होते! तेवढ्यात बेल वाजली. दारात पोळेकर सर. पांढरा इस्त्रीचा बुशशर्ट, पाणी लावून बसवलेले केस, हातात मिठाईचा खोका.

"घ्या सेक्रेटरीबाई. कपात जाहीर झाली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सर, लोकांच्या तोंडचं पाणी पळालंय आणि तुम्ही पेढे वाटताय?"

"कंदी आहेत," सर म्हणाले. "दोन घ्या." आणि शेजारच्या दाराची बेल वाजवायला गेले.

आता एवढ्यावरून तुम्ही म्हणाल, म्हातारा खुळावला आहे. मीही तेच म्हणत होते. नुसतं म्हणत नव्हते, कमिटीच्या मीटिंगमध्ये बोलून दाखवलं होतं. म्हणून सगळं सांगायला बसले आहे.

आमची सोसायटी बिबवेवाडीत, मार्केट यार्डाच्या वरच्या अंगाला. पहाटे ट्रकचे हॉर्न आणि वारा फिरला की कांद्याचा वास, असं आमचं हवामान. शनिवार पेठेतून मी इथे राहायला आले तेव्हा आमच्या आत्याने वाटेत खायला दशम्या बांधून दिल्या होत्या. पेठेतल्या माणसाला स्वारगेटच्या पलीकडे परमुलूख लागतो. पोळेकर सर त्याच्या आधीपासून इथे, तळमजल्यावर. भूगोलाचे शिक्षक. ते निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं लोटली, त्यांचा भूगोल मात्र अजून नोकरीत आहे. बायको गेल्यापासून एकटेच असतात. मुलगा वाघोलीला, आयटीत. तो फोनवर विचारतो, "बाबा, सगळं ओके ना?" आणि सर सांगतात, "अक्षांश-रेखांश तेच आहेत."

डावं आणि उजवं हे शब्द सरांनी आयुष्यातून काढून टाकले आहेत. जेवायला बोलावलं तर "ती दक्षिणेकडची कोशिंबीर जरा इकडे करा" म्हणतात. खिशात होकायंत्र असतं. लोकांच्या खिशात जपाची माळ नाही तर गोळ्यांची डबी असते, यांच्या खिशात होकायंत्र. माझ्या घरात पहिल्यांदा आले तेव्हा ते बाहेर काढून म्हणाले, "तुमचा देव वायव्येला तोंड करून बसलाय. बसू द्या. त्याची त्याची आवड."

आणि कुणी काहीही सांगायला लागलं, अगदी काहीही, की सर मधेच हात वर करून विचारतात, "तुम्ही उभे कुठे होतात?"

आमच्या देवधरांची बायपास झाली तेव्हा आम्ही सगळे भेटायला गेलो होतो. देवधर उशीला टेकून, डोळ्यांत पाणी आणून सांगत होते. "काय सांगू तुम्हाला, एकदम छातीत अशी कळ आली..."

"उभे कुठे होतात?"

"अं? गॅलरीत."

"तोंड कुणीकडे?"

"रस्त्याकडे असेल. अहो पोळेकर, मी मरत होतो!"

"ते कळलं. रस्ता म्हणजे पूर्व. सकाळ होती ना? मग डोळ्यांवर ऊन आलं असेल. पुढे?"

देवधरवहिनींनी सरांच्या हातातला चहाचा कप काढून घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण देवधर छताकडे बघत होते. मग वेगळ्याच आवाजात म्हणाले, "ऊन होतं. आणि खालून झेंडूचा टेम्पो चालला होता, यार्डाकडे. वर ताडपत्री नव्हती. मला वाटलं, चला, शेवटी बघायला निदान हे तरी मिळालं."

लग्नाला चाळीस वर्षं होत आलेल्या देवधरवहिनी नवऱ्याकडे बघतच राहिल्या. डॉक्टर, नर्सा, नातेवाईक, सगळ्यांना सांगून झालेल्या गोष्टीत झेंडूचा टेम्पो तोवर कुणाला सापडला नव्हता. घरी येताना जिन्यात माझ्या अंगावर काटा आला, आणि सरांचा रागही तेवढाच आला. दोन्ही एकदम येतं, असा हा माणूस आहे.

तर सरांनी सोसायटीच्या हॉलमध्ये रविवार सकाळचा आठवणी लिहिण्याचा वर्ग काढला. आपापलं घर, गल्ली, गाव, सणवार, जे मनात राहिलं असेल ते लिहायचं आणि सगळ्यांचं मिळून एक हस्तलिखित करायचं. फी नाही. मी जात होते ती वर्ग संपल्यावर हॉलचे पंखे बंद होतात की नाही ते बघायला. म्हटलं बसलोच आहोत तर एक पान लिहावं. लिहिलं, 'बालपणीचे ते सोनेरी दिवस काळाच्या पडद्याआड गेले.' स्वतःवरच खूश होऊन वाचूनही दाखवलं.

सरांनी हात वर केला. "सोनेरी म्हणजे किती वाजताचं ऊन?"

"अहो सर, ते म्हणायची पद्धत असते."

"खिडकी कुठल्या बाजूला होती?"

मला आठवेना. ज्या दोन खोल्यांत मी जन्मले, शिकले, जिथून लग्न होऊन निघाले, तिथली खिडकी कुठल्या बाजूला ते मला सांगता येईना! सर शांतपणे म्हणाले, "मग दिवस नुसतेच गेले असतील. सोनेरी होते की नाही, तपासावं लागेल."

पुढच्या रविवारी त्यांनी वर्ग पार्किंगमध्ये नेला आणि प्रत्येकाच्या हातात खडू दिला. लहानपणचं घर जमिनीवर आखायचं. कागदावरचा नकाशा नव्हे, खऱ्या मापाचं, पावलं टाकून. भिंती, दारं, ओटा, मोरी, खाट. आखून झालं की आत जायचं, वावरायचं आणि मगच लिहायला बसायचं. नियम एकच. भिंतीवरून पाय टाकून जायचं नाही. दारातून यायचं, दारातून जायचं.

पार्किंगमध्ये जो काही हलकल्लोळ झाला तो विचारू नका. कुणाची मोरी कुणाच्या देवघरात, कुणाचा गोठा लिफ्टच्या तोंडाशी. देवधर गाडी काढायला आले तर सर ओरडले, "देवधर, भिंतीतून काय येताय? दार नैर्ऋत्येला आहे!" आणि बायपास झालेला तो माणूस मुकाट्याने वळसा घालून आपल्या गाडीपाशी गेला. शेवटी मी फळ्यावर सूचना लावली, 'पार्किंगमध्ये घरे बांधू नयेत. खडूचीसुद्धा. - सेक्रेटरी.' संध्याकाळी तिच्याखाली सुबक अक्षरात ओळ आली होती, 'बांधलेली नाहीत. होतीच. - ना. पोळेकर.'

दुसरी सूचना तयार ठेवली होती मी. लावली नाही, त्याला कारण भोसलेकाका.

भोसलेकाकांचा मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा गाळा होता, आता मुलगा बघतो. सहा फूट उंची, मिशा, आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरची कबुतरं उडतात. ते वर्गाला यायचे ते वेळ जात नाही म्हणून. "मला काय आठवणार? कांदे!" असं म्हणून स्वतःच हसायचे. सरांनी खडू दिला तेव्हा त्यांनी कंटाळत कंटाळत त्यांच्या गावाकडच्या घराचा एक चौकोन काढला, दाराची जागा मोकळी ठेवली आणि आत शिरले.

शिरताना त्यांनी मान खाली घातली.

वर चौकट नाही, छप्पर नाही, वर आमच्या ए विंगची पाइपलाइन, तीही केवढी उंच. पण त्या माणसाने डोकं वाकवलं, खांदे आत घेतले आणि मगच पाऊल टाकलं. आत गेल्यावर त्यांच्या ते लक्षात आलं. तिथेच उभे राहिले. मग ते हळू आवाजात म्हणाले, "आजोबा म्हणायचे, दार मुद्दाम ठेंगणं केलंय, आत येणाऱ्यानं वाकून यावं." या माणसाचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्या दिवशी ते गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहीत सुटले, घरून जेवायला तीनदा बोलावणं आलं तरी उठेनात.

त्यानंतर मीही माझ्या दोन खोल्या आखल्या. लपवत कशाला, आधी मोठ्याच आखल्या होत्या. सरांनी विचारलं, "ओट्यापासून ट्रंक हाताला लागायची का?" लागायची. पुसून लहान केल्या. "तुम्ही झोपलात की पाय कुठे जायचे?" दादाच्या खाटेखाली. आणखी लहान केल्या. शेवटी आमचं सगळं घर देवधरांच्या गाडीएवढं उरलं. आणि त्यात मी बसले तेव्हा खिडकी आपोआप सापडली. पश्चिमेला होती. संध्याकाळी आई त्या उजेडात तांदूळ निवडायची आणि दिवा लावायची वेळ आली की ताट थोडं थोडं खिडकीकडे सरकवत न्यायची, दिवा जितका उशिरा लावता येईल तितका बरा म्हणून. मला रडूच कोसळलं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, वॉचमनच्या देखत, सेक्रेटरी! सर खडूची धूळ झटकत म्हणाले, "हं. आता लिहा सोनेरी."

काय म्हणायचं या माणसाला? दंडवत घालावा की वर्ग बंद करावा, मला ठरवता येत नव्हतं.

पण सरांनी स्वतःचं घर कधी आखलं नाही. हस्तलिखितासाठी सगळ्यांचं लिहून झालं, यांचं पान कोरं. विचारलं की म्हणायचे, "माझं घर सध्या पाण्यात आहे." आम्ही हसायचो. वाटायचं, त्यांची नेहमीची तिरकस बोलण्याची तऱ्हा.

आणि मग ते पेढे.

त्या दिवशी टँकरची कशीबशी व्यवस्था लावून मी सरांच्या घरी गेले, चांगलं खडसवायचं असं ठरवून. दार उघडंच होतं. सर पेपर पुढे घेऊन बसले होते, धरणात किती टीएमसी उरलंय ते बघत. मी उभ्यानेच सुरुवात केली. "सर, दर वर्षी आम्ही बादल्या मोजतो आणि तुम्हाला उकळ्या फुटतात. तुमचं नक्की काय आहे? आम्ही तांब्याभर पाण्यात अंघोळी करायच्या, आणि त्याचा तुम्हाला आनंद?"

सरांनी चष्मा काढला. "आजवर आमच्या घरावरच्या पाण्याने शॉवर घेतलेत की तुम्ही. काही दिवस तांब्याने घ्या."

मी बसले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच.

सरांचं गाव पश्चिमेला, डोंगराच्या कुशीत. आज तिथे धरण आहे, ज्यांचं पाणी आपल्या नळाला येतं त्यांपैकी एक. ते धरण बांधायचं ठरलं तेव्हा गाव उठवलं. सर तेव्हा पहिली-दुसरीत असतील. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की आधी देवळाचा कळस दिसतो, मग पायऱ्या, मग वरची आळी. सरांचं घर खालच्या आळीला, नदीच्या काठाला. तिथपर्यंत पाणी कधी उतरलंच नव्हतं. जाणता झाल्यापासून हा माणूस उन्हाळ्यात जाऊन पाण्याच्या कडेला उभा राहायचा आणि परत यायचा. त्या वर्षी मात्र पाणी फारच खाली चाललं होतं.

"घर बघायचंय एवढंच ना?" मी जरा नरमून म्हटलं.

"घर नाही. आई बघायचीय."

मग त्यांनी सांगितलं. गाव सोडायच्या दिवशी सर दारापुढे बैलगाडीत गाठोड्यावर बसले होते, तोंड रस्त्याकडे. मागून आईची हाक आली, 'नाम्या, हाय का रं तिथं?' ती हाक त्यांना लख्ख आठवते. पण मागे वळल्यावर आई दिसली ती कशी, कुठे, काही केल्या आठवत नाही. पुढे नव्या गावठाणात ती फार दिवस जगली नाही. फोटो काढायची पद्धतच नव्हती. "आवाज तेवढा आहे माझ्यापाशी. चेहरा नाही. त्या एका क्षणाला मी तिच्याकडे बघितलेलं आहे, हे नक्की. ती उभी कुठे होती ते कळलं तर कदाचित दिसेल. जागा पक्की झाल्याशिवाय लिहायचं नाही, हा नियम मीच केलाय. मग मी कसा मोडू?"

सरांचे गुडघे साथ देत नव्हते, मुलगा म्हणत होता, बाबा, तिथे चिखल असेल, मी नेणार नाही. आणि वेधशाळेने पाऊस वेळेवर येणार म्हणून सांगितलं होतं. एकदा पाणी चढलं की पुढे ते इतकं कधी उतरेल, आणि उतरलं तरी सर असतील का? हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. मीच मनात म्हटलं. आयुष्यभर दुसऱ्यांना त्यांच्या जागी उभं करणाऱ्या माणसाला स्वतःला उभं राहायला जागा नव्हती, आणि मी त्यांच्या विरुद्ध मीटिंगमध्ये ठराव मांडणार होते!

भोसलेकाकांनी जीप काढली. मी डबा केला. निघालो.

धरणाचं पात्र मी तसं कधी पाहिलं नव्हतं. जिकडे पाहावं तिकडे भेगाळलेली माती, मधेच बुंधे, काळे पडलेले, आणि दूर खाली पाण्याची एक बारीक पट्टी. देऊळ कोरडं ठणठणीत उभं होतं. सरांनी देवाला हात जोडले आणि होकायंत्र काढलं. एका हातात काठी, एका हातात ते. देवळाच्या दाराकडे पाठ करून त्यांनी दिशा धरली आणि उतरायला लागले. आम्ही मागे. वाटेत बोट करून सांगत होते, "ही सुताराची आळी. हे पाराचं जोतं. इथे शाळा." मला दगड दिसत होते. त्यांना गाव दिसत होतं, आणि खरं सांगते, थोडं चालल्यावर मलाही दिसायला लागलं.

खालच्या आळीत ते एका जोत्यापाशी थांबले. दगडांची एक ओळ गाळातून वर आलेली, बस्स. सर खाली बसले, गुडघ्यांची तमा न करता, आणि एका जागी बोटांनी गाळ उकरायला लागले. भोसलेकाका मदतीला वाकले तर हातानेच नको म्हणाले. गाळ निघाला आणि खाली दगडात कोरलेला गोल खळगा दिसला. उखळ. घराच्या जमिनीतच बसवलेलं, म्हणून पाण्यालाही हलवता आलं नव्हतं. सरांनी खिशातला इस्त्रीचा रुमाल काढून ते आतून पुसलं.

"या," म्हणाले. "घर आहे."

मी जोत्यावरून पाय टाकणार, तेवढ्यात थबकले. वळसा घातला, दाराच्या जागी गेले, चपला बाहेर काढल्या आणि आत आले. माझ्या मागून भोसलेकाका आले ते मान वाकवून.

"आमचं दार उंच होतं हो," सर म्हणाले.

मग ते बाहेर जाऊन गाडी उभी होती तिथे उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून. तिथून म्हणाले, "सेक्रेटरीबाई, हाक मारा."

वॉचमनला बी विंगमधून गेटपर्यंत हाक मारणारी मी, पण तिथे अडखळले. एवढ्या मोठ्या माणसाला अरेतुरे कसं करायचं? म्हटलं, "नामदेवराव..."

"आई मला नामदेवराव म्हणत नव्हती."

मी डोळे मिटले. आधी चुलीच्या जागेवरून हाक मारली. "नाम्या, हाय का रं तिथं?"

"नाही. पुढं दारात या."

दारातून मारली. "नाही. फार जवळून येतेय." उखळापाशी उभी राहिले. नाही. दर हाकेला ते मान जराशी कलती करून ऐकत आणि नाही म्हणत. ऊन चढत होतं. भोसलेकाका दुसरीकडे बघत मिशांवरून हात फिरवत होते. मला भीती वाटायला लागली. हे सापडलं नाही तर? इतक्या वर्षांनी, इतक्या चिखलातून येऊन सापडलं नाही तर या माणसाला परत घरी कसं न्यायचं?

शेवटी मागच्या दाराच्या जागी गेले. तिथून थेट खाली नदी दिसत होती, म्हणजे जिथे नदी होती ते. सरांकडे तोंड करून हाक मारली. ते म्हणाले, "जवळ आलं. पण नाही."

मला एकाएकी लख्खकन सुचलं. ती बाई विचारत होती, 'हाय का रं तिथं?' मूल समोर गाडीत बसलेलं दिसत असतं तर तिने विचारलं कशाला असतं?

मी पाठ फिरवली. तोंड नदीकडे केलं. हाक मारली.

"नाम्या... हाय का रं तिथं?"

मागून लगेच, लहान मुलासारखी ओ आली. "हाय, आये! हितं हाय!"

मी वळून बघितलं. पोळेकर सर माझ्याकडे तोंड करून उभे होते आणि हमसून हमसून रडत होते. होकायंत्र खाली चिखलात पडलं होतं. मीही रडत होते. किती वेळ कुणास ठाऊक.

जवळ आल्यावर ते म्हणाले, "पाठ होती. हिरवं लुगडं, आणि पाठ. इतकी वर्षं मी चेहरा शोधत होतो. चेहरा दिसलाच नव्हता मला." मग नदीकडे बघत म्हणाले, "रडत होती. मला दिसू नये म्हणून तिकडं तोंड केलं होतं तिनं."

मग आम्ही जीपने परत निघालो. डबा तसाच परत आला.

पुढच्या रविवारी सरांनी पार्किंगमध्ये घर आखलं. उखळ, चूल, पुढचं दार, मागचं दार. मागच्या दारात त्यांनी दोन पावलं काढली, बोटं नदीकडे. मग तिथेच जमिनीवर बसून स्वतःचं पान लिहिलं. हस्तलिखितात ते सगळ्यांत लहान आहे आणि आम्ही ते पहिलं ठेवलं. देवधर त्या दिवशी बाहेरून आले आणि गाडी गेटबाहेरच लावून चालत आत आले. मी म्हटलं, "जागा आहे की." तर माझ्यावरच खेकसले, "सरांच्या घरात गाडी घालू का?"

पुढे पावसाने धरणं भरली. पेपरात बातमी आली, कपात रद्द. ग्रुपवर लोकांनी नाचणारी चित्रं टाकली. मी मात्र पेपर हातात घेऊन नुसती बसले होते. ते उखळ, ते मागचं दार, सगळं आता खोल पाण्याखाली गेलं असणार. आता सरांच्या दाराशी काय तोंड घेऊन जाऊ?

तेवढ्यात बेल वाजली. पांढरा इस्त्रीचा बुशशर्ट, हातात खोका.

"घ्या सेक्रेटरीबाई. कपात रद्द झाली."

"सर, अहो पण... घर?"

"येऊ दे पाणी," सर म्हणाले. "आता ती कुठं उभी आहे ते मला माहीत आहे."

मी पेढा घेतला, आत गेले, नळाखाली भांडं भरलं आणि आणून त्यांच्या हातात दिलं. सरांनी अंदाजाने दिशा घेतली, जरासे वळले आणि पश्चिमेकडे तोंड करून ते सगळं पाणी प्यायले.